चौथऱ्याखाली उतरलेली माणसं : आजची आयरिश शिल्पकला कशी पाहावी

८ मार्च १९६६ च्या पहाटे डब्लिनच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर स्फोट झाला. इंग्लंडचा आरमारी सेनापती नेल्सन १८०९ पासून तिथे एका उंच खांबावर उभा होता. आयरिश प्रजासत्ताकवाद्यांनी लावलेल्या सुरुंगानं तो अर्ध्या खांबासकट खाली आला. उरलेलं थोटूक पुढे लष्करानं पाडलं. त्याआधी १९५७ मध्ये फीनिक्स पार्कमधला फील्ड मार्शल गॉफचा अश्वारूढ पुतळा असाच उडवला गेला होता. संसदेसमोरची राणी व्हिक्टोरिया मात्र १९४८ मध्ये रीतसर उचलून गोदामात ठेवली गेली. १९८७ मध्ये ती थेट सिडनीला गेली आणि अजून तिथेच बसलेली आहे. मुंबईचा काळा घोडा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीबागेत नेऊन ठेवला, त्याच्या मागची भावना काही वेगळी नव्हती. डब्लिनकरांनी दारूगोळा थोडा जास्त वापरला, एवढंच.

साहेबाचे पुतळे गेल्यावर मोकळ्या जागी कोणाला उभं करायचं? गेल्या साठ वर्षांतल्या आयरिश शिल्पकलेतली बरीचशी गंमत या प्रश्नाच्या उत्तरांमध्ये आहे. सुरुवातीचं उत्तर सोपं होतं: आपले नायक. एडवर्ड डिलेनी या शिल्पकारानं १९६६ मध्ये थॉमस डेव्हिसचा आणि १९६७ मध्ये वुल्फ टोनचा पुतळा केला. वुल्फ टोन हा १७९८ च्या उठावाचा नेता. त्याचा पुतळा सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेच्या कोपऱ्यावर आहे. डिलेनीनं त्याच्या पाठीशी ग्रॅनाइटच्या उंच, ओबडधोबड शिळा ओळीनं उभ्या केल्या. डब्लिनकरांनी इंग्लंडच्या स्टोनहेंजवरून लगेच त्याला 'टोनहेंज' म्हणायला सुरुवात केली. १९७१ मध्ये ब्रिटननिष्ठ गटानं हा पुतळा बॉम्बनं उडवला आणि तो पुन्हा ओतून घ्यावा लागला. म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंनी चुकता झाला!

पण या स्मारकाला एक मागची बाजू आहे. शिळांच्या पलीकडे, बागेच्या आत, डिलेनीनंच केलेल्या काही हाडकुळ्या आकृत्या आहेत. त्यांना नावं नाहीत. त्या दुष्काळातल्या माणसांच्या आहेत. पुढे नाव असलेला नायक आणि मागे नाव नसलेली भुकेली माणसं अशी ही रचना आहे. माझ्या मते आजची आयरिश शिल्पकला या मागच्या बाजूनं सुरू होते. पुढच्या पिढीनं नायकाला तिथेच सोडलं आणि अनामिकांना रस्त्यावर आणलं.

दुष्काळाचा संदर्भ थोडक्यात सांगायला हवा, कारण त्याशिवाय पुढचं काही उलगडणार नाही. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं पोट जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर चालायचं. पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा कुजत गेलं आणि त्याच काळात देशातून धान्य आणि गुरं बाहेर जातच राहिली. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगांनी मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. आजही संपूर्ण बेटावर १८४१ इतकी माणसं नाहीत. एखाद्या देशाची लोकसंख्या पावणेदोनशे वर्षांनंतरही भरून येत नाही, तेव्हा तिथल्या शिल्पकाराला विषय शोधावा लागत नाही.

रोवन गिलेस्पीचा 'फॅमिन' हा शिल्पसमूह १९९७ मध्ये डब्लिनच्या कस्टम हाऊस की या धक्क्यावर बसवला गेला. लिफी नदीच्या काठानं काही माणसं बंदराच्या दिशेनं चालली आहेत. कपड्यांच्या चिंध्या, गालफडं बसलेली, हातात कवटाळलेली बोचकी. एका माणसानं निष्प्राण वाटणारं लेकरू मानेवर आडवं टाकलं आहे. मागे एक कुत्रा आहे. तो सोबत आला आहे की कशाची वाट पाहतो आहे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. याच धक्क्यावरून १८४६ च्या सेंट पॅट्रिक दिनी 'पर्सिव्हरन्स' हे जहाज प्रवासी घेऊन न्यूयॉर्कला निघालं होतं, म्हणून ही जागा.

इथे पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे चौथरा नाही. आकृत्या साधारण माणसाच्याच उंचीच्या आहेत आणि फरसबंदीवर तुमच्या शेजारी उभ्या आहेत. पुतळा चौथऱ्यावर असला की आपण मान वर करतो, आणि मान वर केली की आपोआप आदर तयार होतो. गिलेस्पीनं तो आदर काढून घेतला. ऑफिसला निघालेले लोक या माणसांच्या मधून वाट काढतात, पर्यटक खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. मला ते फोटो बघवत नाहीत, पण शिल्पाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. भुकेल्या माणसाच्या बाजूनं निघून जाणं त्या काळीही इतकंच सोपं असणार.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. ब्राँझ म्हटलं की आपल्याला गुळगुळीत, चकाकता पुतळा आठवतो. इथलं ब्राँझ खरबरीत आहे, जागोजागी ओरबाडल्यासारखं, वितळता वितळता थांबल्यासारखं. हे समजायचं तर ओतकाम कसं होतं ते थोडं माहीत हवं. शिल्पकार आधी माती किंवा मेणात आकृती घडवतो. मातीची असेल तर तिच्यावरून साचा घेतात आणि साच्याच्या आत मेणाचा पातळ थर देतात, म्हणजे आतून पोकळ अशी मेणाची प्रतिकृती मिळते. तिला धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच नळ्या जोडतात आणि सगळ्याला उष्णता सोसणाऱ्या मिश्रणानं लिंपून घेतात. मग ते भट्टीत तापवलं की मेण वाहून जातं आणि त्याच्या जागी पोकळी उरते. त्या पोकळीत हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवलेलं ब्राँझ ओततात. थंड झाल्यावर वरचं कवच फोडायचं, नळ्या कापायच्या, तुकडे जोडायचे, छिन्नी-कानस चालवायची आणि शेवटी रसायनं व आच देऊन रंग आणायचा. मेण खर्ची पडतं, म्हणून या पद्धतीला 'लॉस्ट वॅक्स' म्हणतात. बस्तरची ढोकरा मूर्ती याच तत्त्वावर घडते.

बहुतेक शिल्पकार मेणापर्यंत पोचले की काम ओतशाळेकडे सोपवतात. गिलेस्पी मात्र ओतकामासकट सगळं आपल्या कार्यशाळेत एकट्यानं करण्यासाठी ओळखला जातो. त्यामुळे बोटांनी मेण दाबल्याच्या खुणा आणि सांध्यांचे व्रण घासून काढायचे की ठेवायचे, हा निर्णय त्याचाच असतो. तो ठेवतो.

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यानं याच गोष्टीचं दुसरं टोक घडवलं. कॅनडात टोरांटोच्या तळ्याकाठी आयर्लंड पार्क उघडलं, तिथे त्याच्या पाच आकृत्या आहेत. डब्लिनमध्ये निघालेली माणसं इथे पोचतात. एकानं हात आभाळाकडे उंचावले आहेत, एक बाई गरोदर आहे, एक जमिनीवर पडलेली आहे. १८४७ च्या एका वर्षात ३८,००० आयरिश निर्वासित टोरांटोत उतरले होते आणि तेव्हा त्या शहराची वस्ती जेमतेम वीस हजारांची होती. शेजारी किल्केनीहून आणलेल्या काळसर चुनखडीच्या भिंती आहेत, त्यांच्या फटींमध्ये तिथे मेलेल्यांची नावं कोरली आहेत. सहज दिसत नाहीत, वाकून शोधावी लागतात. एकच शिल्प महासागराच्या दोन काठांवर वाटून ठेवण्याची कल्पना मला गिलेस्पीच्या कुठल्याही एका आकृतीपेक्षा मोठी वाटते.

१९९७ मध्येच, 'काळ्या सत्तेचाळीस'ला, म्हणजे १८४७ या दुष्काळातल्या सर्वांत भीषण वर्षाला, दीडशे वर्षं झाली म्हणून, मेयो परगण्यात मुरिस्क इथे राष्ट्रीय दुष्काळ स्मारक झालं. क्रोग पॅट्रिक या पवित्र डोंगराच्या पायथ्याशी जॉन बीहननं ब्राँझचं तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं केलं. लांबून शिडाचे दोर दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, ते दोर नाहीत, एकमेकांना धरून तरंगणारे सांगाडे आहेत. त्या काळी निर्वासितांच्या जहाजांवर इतकी माणसं मरत की त्यांना 'शवपेटी जहाजं' म्हणत. बीहननं शब्दशः तेच केलं. असं थेट रूपक अनेकदा फसतं. इथे ते तगतं, कारण मागे समुद्र आहे आणि जहाज जमिनीवर अडकलेलं आहे.

दुष्काळाचीच आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ या आदिवासी जमातीनं आयर्लंडसाठी १७० डॉलर जमवून पाठवले. अवघ्या सोळा वर्षांपूर्वी, १८३१ मध्ये, त्यांनाच आपल्या भूमीतून हुसकावून ओक्लाहोमाकडे चालवत नेलं होतं आणि वाटेत हजारो मेले होते. कॉर्कजवळच्या मिडलटन गावात ॲलेक्स पेंटेकनं याचं स्मारक केलं. स्टेनलेस स्टीलची नऊ गरुडपिसं सुमारे सहा मीटर उंच, वर्तुळात उभी, मध्ये रिकाम्या वाडग्यासारखी जागा. २०१७ मध्ये चोक्टॉंचे प्रमुख लोकार्पणाला आले होते. २०२० च्या कोविडकाळात नवाहो आणि होपी जमातींसाठी मदतनिधी सुरू झाला, तेव्हा असंख्य आयरिश लोकांनी चोक्टॉंच्या त्या दानाची आठवण काढत पैसे पाठवले. (दुष्काळनिधीतली सुरुवातीची मोठी रक्कमही दूरवरून आली होती, कलकत्त्याहून १४,००० पौंड. कंपनीच्या नोकरीत तिथे असलेल्या आयरिश सैनिकांचा त्यात मोठा वाटा होता. तिचं शिल्प कुठे असल्याचं ऐकिवात नाही.)

उत्तर आयर्लंडमध्ये प्रश्न वेगळा होता. तिथला समाज ब्रिटनच्या बाजूचे आणि आयर्लंडच्या बाजूचे अशा दोन तटांत विभागलेला. तिथे 'आपला नायक' म्हटलं की लगेच 'कोणाचा?' असं विचारलं जाई. डेरी शहरात मॉरिस हॅरननं १९९२ मध्ये दोन माणसं समोरासमोर उभी केली. दोघांनी हात पुढे केले आहेत, बोटं टेकायला थोडंसं अंतर आहे. ते अंतर हेच शिल्प. हात मिळवले असते तर ते सरकारी पोस्टर झालं असतं.

बेलफास्टमधलं लुईझ वॉल्शचं काम मला त्याहून धारदार वाटतं. एका जुन्या वेश्यावस्तीच्या जागी 'रंगीबेरंगी' अशा दोन बायकांचं मजेशीर शिल्प हवं, अशी मूळ मागणी होती. वॉल्शला ती पटली नाही. त्याच जागी ज्यांनी धंदा केला त्यांच्यावर हसण्यापेक्षा बायकांना कसली कामं कराव्या लागतात आणि त्यांचे किती कमी पैसे मिळतात ते दाखवावं, असं तिनं मांडलं. सरकारी पातळीवर ते नाकारलं गेलं. पुढे एका खासगी विकासकानं पैसे दिले आणि १९९२ मध्ये ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर 'अनाम कामगार स्त्रीचं स्मारक' उभं राहिलं. ब्राँझच्या दोन बायका, आणि त्यांच्या अंगातच रुतलेल्या वस्तू : टेलिफोन, टाइपरायटर, खरेदीची टोपली, चाळणी. ओझं डोक्यावर किंवा हातात नाही, शरीराचाच भाग झालेलं आहे. जगभर 'अनाम सैनिक' असतो, त्या पंगतीत ही अनाम बाई बसवून वॉल्शनं नावातच अर्धं काम उरकलं.

इथवर रस्त्यावरची शिल्पं झाली. दालनातली शिल्पं पाहताना मात्र अनेकांची फसगत होते, कारण तिथे माणूसच नसतो. ॲलिस माहर, डोरोथी क्रॉस, कॅथी प्रेंडरगास्ट या तिघी १९५० च्या दशकात जन्मलेल्या. यांची कामं बघताना 'हे काय आहे?' असं विचारण्याआधी 'हे कशाचं केलंय?' असं विचारावं. अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच मिळतं.

माहरचा 'बेरी ड्रेस' १९९४ चा. लहान मुलीचा फ्रॉक, रानगुलाबाच्या लाल फळांनी मढवलेला. गोड वाटतो. मग दिसतं की फळं टाचण्यांनी लावली आहेत आणि टाचण्यांची टोकं आतल्या बाजूला आहेत. हा फ्रॉक घालणाऱ्या मुलीला प्रत्येक हालचालीला टोचेल. मुलींना सजवण्यात किती आणि कसली शिस्त दडलेली असते, यावर लिहायला मला चार पानं लागली असती. त्याच वर्षी तिनं मेलेल्या मधमाश्यांचा फ्रॉक केला, पुढच्या वर्षी खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या नेटल वनस्पतीचा कोट. ही सामग्री टिकाऊ नाही, फळं सुकतात, काळवंडतात. ब्राँझनं अमर करण्याच्या परंपरेलाच ही पाठ आहे.

डोरोथी क्रॉसनं नॉर्वेच्या एका संग्रहालयात गायीच्या कासेच्या कातड्याची जुनी चाळणी पाहिली आणि त्यातून १९९० च्या दशकात गायीचं कातडं वापरून कामांची एक मालिकाच केली. त्यातलं १९९३ चं 'व्हर्जिन श्राउड' लंडनच्या टेट संग्रहात आहे. दुरून ती पदर घेतलेली मेरी माता वाटते. जवळ गेलं की तो पदर गायीचं कातडं आहे, डोक्यावरचा मुकुट म्हणजे आचळं, आणि खाली पसरलेलं रेशीम शिल्पकर्तीच्या आजीच्या लग्नातलं. माता, कुमारिका, दूध, पावित्र्य हे सगळे धागे एका खुंटीला टांगलेले. कॅथलिक आयर्लंडमध्ये हे केवढं धाडस होतं, ते गोमातेच्या देशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

तिचंच 'घोस्ट शिप' १९९९ मध्ये डब्लिनजवळ डून लेअरीच्या समुद्रात काही आठवडे होतं. पूर्वी धोकादायक खडकांपाशी दीपगृह बांधता येत नसे, तिथे दिवा लावलेलं जहाज नांगरून ठेवत आणि त्यावर माणसं राहत. पुढे स्वयंचलित तरंगते दिवे आले आणि ही जहाजं मोडीत गेली. क्रॉसनं असंच एक जहाज मिळवलं आणि त्याला अंधारात चमकणारा रंग दिला. रात्री अतिनील दिव्यांनी तो रंग भारला जाई, दिवे बंद झाले की जहाज हिरवट उजेडात तरंगत राही आणि हळूहळू विझत जाई. मग पुन्हा. ठरलेल्या मुदतीनंतर ते हटवलं गेलं. हे शिल्प आता कुठेच नाही, आणि तरीही आयरिश लोकांना आधुनिक कलेतलं काय आठवतं असं विचारलं तर याचं नाव हमखास येतं.

प्रेंडरगास्ट नकाशांच्या मागे लागलेली आहे. जगाच्या राजधान्यांची तिनं पेन्सिलनं इतकी नाजूक रेखाटनं केली की रस्ते केशवाहिन्यांसारखे दिसतात. १९९५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात तिला तरुण कलावंताचं पारितोषिक मिळालं. 'ॲटलस' या कामात तिनं युरोपच्या रस्त्यांच्या नकाशाची शंभर पुस्तकं घेतली, प्रत्येकाचं एकेक जोडपान उघडलं आणि गावांचे ठिपके सोडून बाकी सगळं काळ्या शाईनं बुजवलं. सीमा गेल्या, नावं गेली, उरलं रात्रीचं आभाळ. तिचं एक काम तर लाकडी रिळावर गुंडाळलेले केस आहे, आईचे, स्वतःचे आणि मुलाचे. ते मुठीत मावेल.

त्यानंतरच्या पिढीबद्दल मी आटोपतं घेतो. ईव्हा रॉथ्सचाइल्ड १९७१ मध्ये डब्लिनला जन्मली, लंडनमध्ये काम करते. २००९ मध्ये टेट ब्रिटनच्या लांबलचक दालनात तिनं ॲल्युमिनियमचे काळे त्रिकोण एकमेकांत अडकवून भिंतीपासून छतापर्यंत नेले. २०१९ मध्ये व्हेनिसला आयर्लंडचं प्रतिनिधित्वही तिनं केलं. कॉर्बन वॉकरची उंची चार फूट आहे आणि तो ते मोजमाप आपल्या काच-पोलादाच्या रचनांमध्ये वापरतो. दार, कट्टा, नजरेची पातळी ही सगळी मापं कोणीतरी 'सरासरी' माणसासाठी ठरवलेली असतात. वॉकरच्या कामासमोर उंच माणसाला वाकावं लागतं. आकडेमोडीसारखं कोरडं दिसणारं हे काम प्रत्यक्षात फार खासगी आहे.

एवढ्या छोट्या देशात हे सगळं होतं कसं, याचं निम्मं उत्तर व्यवस्थेत आहे. सरकारी बांधकामाच्या खर्चाचा एक टक्का कलेवर खर्च करता येईल अशी योजना तिथे आहे. १९९७ मध्ये ती सगळ्या खात्यांना लागू झाली. म्हणून महामार्गांच्या कडेला, शाळांत, इस्पितळांत शिल्पं दिसतात. सगळीच चांगली नाहीत. बरीचशी गाडी ताशी शंभरच्या वेगात असताना पाहिलेलीच बरी. कॉर्कमध्ये जुन्या ट्राम कंपनीच्या वीजघरात १९८९ पासून नॅशनल स्कल्प्चर फॅक्टरी चालते. व्हिव्हियन रोश, आयलीश ओ'कॉनेल, मॉड कॉटर आणि डॅनी मॅकार्थी या शिल्पकारांनीच ती उभारली. क्रेन, वेल्डिंग, उंच छत हे एकट्या शिल्पकाराला परवडत नाही, ते इथे भाड्यानं मिळतं. २०२२ मध्ये सरकारनं २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा तीन वर्षांचा प्रयोग केला. शिल्पकाराला त्यातून ब्राँझ परवडत नाही, पण जागेचं भाडं निघतं.

पैसा सार्वजनिक म्हटला की भांडणंही सार्वजनिक. ओ'कॉनेलनं १९८८ मध्ये किन्सेल गावात आपोआप गंजून तपकिरी होणाऱ्या खास पोलादाचं लांबलचक शिल्प केलं. गावकऱ्यांना तो नुसता गंज दिसला, आणि पुढे त्यावर रंग चढवण्यात आला. शिल्पकर्तीच्या मनात होता तो रंगच गेला. २०२१ मध्ये एनिस्टायमन गावासाठी एडन हार्टनं अर्धा घोडा आणि अर्धा माणूस अशा 'पूका' या लोककथेतल्या प्राण्याचं शिल्प घडवलं, तर स्थानिक धर्मगुरूंनी व्यासपीठावरून विरोध केला. शेवटी ते कॅरन या दुसऱ्या गावानं मागून नेलं. गावाच्या पैशानं उभं राहणारं शिल्प गावाला नको असेल तर काय करायचं, याचं सरळ उत्तर कोणाकडे नाही. मी शिल्पकाराच्या बाजूचा आहे, पण रोज त्याच्यासमोरून दूध आणायला जायचं आहे ते गावकऱ्यांना, हेही खरं.

डब्लिनमध्ये राहणाऱ्यांना किंवा तिकडे जाणाऱ्यांना यातलं बरंचसं एका दिवसात पायी आणि ट्रामनं पाहता येतं. किल्मेनम तुरुंगापासून सुरुवात करावी. समोरच गिलेस्पीचं 'प्रोक्लमेशन' आहे, १९१६ च्या उठावानंतर गोळ्या घातलेल्यांच्या आठवणीत चौदा आकृत्या, डोळ्यांवर पट्टी, अंगावर गोळ्यांची भोकं. तिथून रस्ता ओलांडून झाडांच्या वाटेनं गेलं की जुन्या सैनिकी इस्पितळाच्या इमारतीत आयरिश म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट लागतं. माहरचा 'बेरी ड्रेस' त्यांच्या संग्रहात आहे, पण मांडणी बदलत राहते, तेव्हा आधी चौकशी करावी. सोमवारी ते बंद असतं. मग ह्यूस्टन स्टेशनवरून लाल मार्गाची लुआस ट्राम पकडून जॉर्जेस डॉकला उतरायचं आणि नदीकडे चालायचं. 'फॅमिन'पाशी संध्याकाळी ऑफिस सुटण्याच्या वेळी पोचलात तर गर्दीसकट दिसेल, आणि ते तसंच पाहावं.